पंगतीतले तिघे

१

बुधाजी म्हात्रे पंगतीत बसल्या बसल्या दोन्ही हातांनी फरशी खरवडायला लागला, तेव्हा आधी लोक हसले. त्याला थट्टा करायची सवय होती. पण तो थांबेना. दोन्ही हात लांब टाकायचा, काहीतरी स्वतःकडे ओढल्यासारखं करायचा आणि पुन्हा हात लांब टाकायचा.

मृणाली भाजीचं पातेलं घेऊन त्याच्यासमोरच उभी होती.

"मीठ ओढा रं," तो पुटपुटला. "आभाळ आलंय. समदं विरघळंल."

बुधाजीने अर्धं आयुष्य रेवसच्या बाजूला मिठागरावर काढलं होतं. पण ते काम सुटून जमाना झाला होता. मृणाली खाली वाकली. "बुधाजीबाबा, काय होतंय?"

त्याने वर पाहिलं आणि तिच्या हातून पातेलं सुटता सुटता राहिलं. त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या, की डोळे पूर्ण काळे दिसत होते. तो तिच्याकडे बघत होता, पण त्याला ती दिसत नव्हती.

तेवढ्यात पलीकडच्या रांगेत सखुबाई उभी राहिली आणि अंगावरून काहीतरी झटकू लागली. तिचं तोंड लालबुंद झालं होतं. बाहेर कट्ट्यावर बसलेला विठोबा, जो श्रावणी सोमवार धरतो म्हणून पंगतीला बसलाच नव्हता, तो भर पावसात समुद्राच्या दिशेने चालू लागला होता. परेश रिक्षावाल्याने त्याला मागून मिठी मारून धरलं, तर त्या सत्तरीच्या म्हाताऱ्याने परेशला असं ढकललं, की तो चिखलात पडला.

नागावच्या पुढे, नारळाच्या वाड्या संपतात तिथल्या समाजमंदिरात ही पंगत रोज बसायची. किशोरी नाखवा या कोळीणबाईने ती सुरू केली होती. मुलं मुंबईला, पनवेलला गेलेली आणि घरात एकटी राहिलेली आजूबाजूच्या वाड्यांतली म्हातारी माणसं दुपारी इथे येऊन जेवायची. स्वयंपाक करणारे, वाढणारे, भांडी घासणारे सगळे आपखुशीने येत. मृणाली त्यांच्यात सगळ्यात नवी. ती कंपनीचं काम घरी बसून करायची आणि दुपारी दोन तास इथे यायची.

अलिबागच्या सरकारी रुग्णालयात तिघांना नेलं, तेव्हा तपासून बाहेर आलेल्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "आज भाजी कोणती होती?"

"कुर्डूची," किशोरी म्हणाली. "रानातली."

"निवडली कुणी?"

किशोरीने मृणालीकडे पाहिलं.

"कारण या तिघांच्या पोटात धोतरा गेलाय," डॉक्टर म्हणाले.

२

मृणालीने ती भाजी स्वतः खुडली होती. समाजमंदिराच्या मागच्या बांधावर. त्या बांधाला धोतऱ्याची झुडपंही होती, पांढऱ्या फुलांची, हे तिला आता आठवत होतं. आपण पानं नीट पाहिली होती का? पाहिली होती. सगळी? तिला खात्री देता येईना. पोलिसांनी उरलेलं अन्न नेलं, तिचं नाव आणि पत्ता घेतला आणि गाव सोडून जाऊ नका, म्हणून सांगितलं.

संध्याकाळी सुचिता ठाकूर आली. सुचिता अलिबागच्या कोर्टात वकिली करायची आणि दर रविवारी पंगतीला वाढायला यायची. सोमवारी ती कोर्टात होती, त्यामुळे यातलं तिने काहीच पाहिलं नव्हतं. तिने मृणालीला समाजमंदिराच्या पायरीवर बसवलं.

"मला सकाळपासून सांग. महत्त्वाचं काय ते तू ठरवू नकोस. सगळं सांग."

"ताई, मला अटक करतील का?"

"ते नंतर बघू. सकाळी आलीस तेव्हा काय चाललं होतं?"

"किशोरीताईची चिडचिड चालली होती. दूध नासलं म्हणून. आमच्यापैकी कुणालाच चहा मिळाला नाही. मग मी भाजी आणली, निवडली, दोनदा धुतली. ताईने फोडणीला टाकली. परेशदादाने वाडीवरून माणसं आणली. लवकर येणारे नेहमीसारखे कट्ट्यावर बसले. मी पाणी भरलं, कट्ट्यावरचे पेले आत आणून विसळले, पानं मांडली आणि वाढायला लागले."

"बुधाजीला काय काय वाढलंस?"

"भात, वरण. भाजी वाढणार होते, पण..." मृणाली थांबली. "तो आधी पाणीच मागत होता. मी पेला भरून दिला, त्याने एका दमात संपवला. परत मागितला. घसा सुकलाय, म्हणाला. दुसरा पेला धरायला हात पुढे केला तर पेल्याच्या बाजूलाच गेला. मला वाटलं, चष्मा विसरला असेल."

"हे जेवायच्या आधी?"

"हो. त्याने भाताला हातच लावला नव्हता."

सुचिता तिच्याकडे बघत राहिली. "आणि सखुबाई?"

"तिला दात नाहीत. ती भात-वरण कुस्करून खाते. भाजी घेत नाही. कधीच घेत नाही."

"विठोबाचा उपास होता," सुचिता सावकाश म्हणाली. "म्हणजे मृणाली, तुझी भाजी या तिघांपैकी एकानेही खाल्लेली नाही. आणि ज्या सगळ्यांनी ती खाल्ली, ते घरी धडधाकट आहेत."

मृणालीला रडू फुटलं. सुटकेचं रडू होतं ते, पण फार वेळ टिकलं नाही. कारण सुचिता उठून उभी राहिली होती आणि रिकाम्या सभागृहाकडे बघत होती.

"चुकून झालं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "पण हे कुणीतरी मुद्दाम केलंय."

३

मंगळवारी सकाळी बुधाजी गेला. त्याचं वय आणि कमजोर हृदय, दोन्ही आडवी आली. सखुबाई आणि विठोबा बचावतील, असं डॉक्टर म्हणाले. पण दोघांनाही सोमवारचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. धोतऱ्याने तेवढा भाग पुसूनच टाकला होता.

पोलिसांनी पंगत बंद ठेवा म्हणून लेखी काही दिलं नव्हतं. साहेब तोंडी एवढंच म्हणाले होते, "दोन दिवस जरा थांबा." पण दुपार झाली तशी माणसं येऊन कट्ट्यावर बसली. निम्मीच आली होती. बाकीची घरात दार लावून बसली असणार, उपाशी. जी आली, तीही आपसात बोलत नव्हती.

किशोरीने चूल अंगणात मांडली, पत्र्याखाली, सगळ्यांना दिसेल अशी. तांदूळ सगळ्यांसमोर धुतले, डाळ सगळ्यांसमोर धुतली. साधी खिचडी. मृणालीला तिने कशालाही हात लावू दिला नाही.

"तुज्यावर संशय हाय म्हणून न्हाय," ती हळूच म्हणाली. "तुजे हात थरथरतान. लोक बघतील."

मृणालीने किशोरीच्या हातांकडे पाहिलं. ते थरथरत नव्हते. आणि एकदम तिच्या मनात आलं, की गेल्याच आठवड्यात बुधाजीने किशोरीला सगळ्यांदेखत कंजूष म्हटलं होतं आणि किशोरी त्याला म्हणाली होती, उद्यापासून येऊ नकोस. मनात आलं आणि मृणालीला स्वतःचीच भीती वाटली. इतके दिवस या बाईच्या हातचं आपण जेवतो आहोत.

पानं वाढली गेली. खिचडीवर वाफ होती. कुणीही हात पुढे केला नाही. सगळे एकमेकांच्या पानाकडे बघत होते. परेश भिंतीला टेकून उभा होता, त्याने तर पानच घेतलं नव्हतं. दोन म्हाताऱ्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. आज कोर्टात न जाता आलेल्या सुचिताने स्वतःचं पान पुढे ओढलं खरं, पण तिचाही हात क्षणभर अडला, हे मृणालीला दिसलं.

तेवढ्यात जेवणाचा आवाज आला.

कोपऱ्यात सोनूबाई पाटील जेवत होती. मान खाली घालून, भरभर, मोठे घास घेऊन. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही, खिचडीचा वास घेतला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती जेवत होती.

तिला जेवताना पाहून हळूहळू बाकीच्यांचेही हात हलले. किशोरीने पदराने डोळे पुसले. "धीराची बाई," ती म्हणाली.

सुचिता जेवण संपेपर्यंत सोनूबाईकडे बघत होती.

४

पंगत उठल्यावर सुचिताने परेशला भांड्यांच्या मोरीपाशी गाठलं. मृणाली पेले घासत होती.

"तिघांना तूच आणलंस ना?"

परेश सावध झाला. "मीच आणतो समद्यांना. म्हणून काय मी..."

"कसे होते ते?"

"चांगले होते. बुधाजीबाबा तर येताना गानं म्हणत होता. विठोबा त्याला गप बस म्हणत होता. मी सोडलं तवा चालत जाऊन बसले कट्ट्यावर."

"वाटेत कुठे थांबलास? काही खाल्लं त्यांनी?"

"न्हाय. पाऊस होता, पडदे लावलेले. कुठं थांबू?" त्याचा आवाज चढला. "वकीलबाई, कालपासून माज्या रिक्षात कुणी बसत न्हाय. पोर शाळेतून रडत आली. माजं नाव घेऊ नका, पाया पडतो."

"घेत नाही," सुचिता म्हणाली. "कट्ट्यावर त्यांच्यासोबत कोण होतं?"

"नेहमीचीच. तिघं आणि सोनूबाई. तेंचं चौघांचं जमतं."

सोनूबाई अजून गेली नव्हती. ती दारापाशी छत्री हातात घेऊन उभी होती, जणू निघायचं कसं हे विसरली होती. सुचिता तिच्याजवळ गेली.

"आजी, काल सकाळी तुम्ही चौघं कट्ट्यावर होता. काय केलंत?"

"बोलत बसलो."

"कुणी काही खायला दिलं का? काही प्यायला?"

"न्हाय." ती फार पटकन म्हणाली. "नुसतं बोलत बसलो."

बाहेर मोटार थांबली. सोनूबाईच्या हातातली छत्री खाली पडली. तिचा मुलगा निकेश आत आला. त्याचे चार डंपर होते, गावातला सगळ्यात मोठा बंगला त्याचा होता आणि पुढच्या निवडणुकीला तो सरपंचपदाला उभा राहणार, असं बोललं जात होतं. त्याने आईकडे पाहिलं नाही. तो किशोरीकडे वळला.

"माणूस मेला तरी तुमचं चालूच का? मी वर्षभर सांगतोय, बंद करा. कोन कुठलं आणतो, काय शिजवतो. आज बुधाजी गेला, उद्या माजी आई जाईल."

"तुजी आई भुकेली राहत न्हाय घरात, माहीत हाय आमाला," किशोरी शांतपणे म्हणाली. "ती येते कारन तिला यावंसं वाटतं."

"लोक काय म्हणतान माहीत हाय? निकेश पाटलाची आई फुकटच्या पंगतीला बसते." त्याचा चेहरा लाल झाला. मग त्याने आवाज खाली आणला. "जाऊ दे. चल आये. घरी मीच हाय, प्राप्ती माहेरी गेलीय. चार दिवस झाले, चूल मीच पेटवतो. तुला जेवायलाही मीच करून घालतो ना? मग इथं यायची गरज काय?"

सोनूबाई त्याच्यामागून चालू लागली. त्याने तिला हाताला धरलं, तेव्हा ती दचकली. म्हातारं माणूस दचकतं तसं नव्हतं ते.

मोटार गेली. सुचिताने मोरीवरचा एक पेला उचलला आणि त्यात वाकून पाहिलं.

"मृणाली, काल तू कट्ट्यावरचे पेले आत आणून विसळलेस म्हणालीस. पाण्याचे?"

मृणाली सांगायला गेली, हो. पण शब्द तोंडातच राहिला. तिला ते पेले दिसत होते. तीन होते. आणि त्यांच्या तळाशी चहाचा गाळ होता.

५

"पण काल चहा झालाच नव्हता," मृणाली म्हणाली. "दूध नासलं होतं."

"इथे झाला नव्हता," सुचिता म्हणाली. "किशोरीताई, सोनूबाई रोज चहा घेऊन येते का?"

"थर्मास आनते घरून," किशोरी म्हणाली. "आमच्याकडचे तीन पेले मागून घेते. तिघांना पाजते. ती सोता पित न्हाय, तिला साखर हाय ना, डॉक्टरनं बंद केलाय. पन तेंना पाजायला तिला आवडतं." ती बोलता बोलता थांबली आणि खाली बसली. "आज थर्मास न्हवता तिच्याकडं."

सुचिताने रिक्षा काढायला परेशला हाक मारली. कोर्टात असते तशीच ती आता तुटक बोलत होती.

"तिघांनीही खाल्लाय असा एकही पदार्थ पंगतीत नव्हता. बुधाजीने एक घास घेण्याआधीच त्याचा घसा सुकला होता आणि डोळे गेले होते. म्हणजे विष पंगतीत नव्हतंच, ते पंगतीच्या आधी होतं. रिक्षातून उतरले तेव्हा तिघंही बरे होते. राहिला कट्टा. कट्ट्यावर तिघांनी चहा घेतला आणि चौथीने घेतला नाही."

"सोनूबाईने?" मृणालीचा विश्वास बसेना. "ती तिची माणसं होती."

"आज पंगतीत काय झालं, आठव. मी घाबरले, तू घाबरलीस, परेशने पान घेतलं नाही. ती एकटीच निर्धास्त जेवली. धीर म्हणून नाही. तिला पक्कं माहीत होतं, की विष या अन्नात नव्हतं. आणि ती जेवताना रडत होती. ज्याने कुणाला मारायचं म्हणून मारलंय, तो असा रडत जेवत नाही. तिला माहीत होतं, पण तिने केलेलं नव्हतं."

"मग चहा कुणी केला?"

"सून माहेरी आहे. घरात चूल कोण पेटवतं, ते आत्ता आपल्याला त्यानेच सांगितलं."

रिक्षा सुरू झाली होती. मृणाली किशोरीसोबत आत बसली. "ताई, त्याने तिला घरी नेलंय. ती एकटी आहे त्याच्यासोबत. तिला सगळं माहीत आहे, हे त्याला माहीत आहे का?"

सुचिता पोलिसांना फोन लावत होती आणि फोन लागत नव्हता.

"परेश," ती म्हणाली, "जोरात."

६

बंगल्याचं फाटक उघडं होतं. मोटार दारात उभी होती. आतून काहीच आवाज येत नव्हता. चौघं पायऱ्या चढून गेली. किशोरी सगळ्यात पुढे होती.

सोनूबाई बैठकीच्या खोलीत, मोठ्या सोफ्याच्या कडेला बसली होती. समोरच्या टेबलावर हिरव्या झाकणाचा थर्मास होता आणि तिच्या हातात कप. कप भरलेला होता. शिळ्या चहाचा आंबूस वास खोलीभर पसरला होता.

"आजी, तो कप खाली ठेवा," सुचिता म्हणाली.

"पुढं येऊ नका." सोनूबाईने कप ओठांजवळ नेला. "कुणी पुढं आला तर पिऊन टाकीन."

मृणाली जागच्या जागी थांबली. सगळेच थांबले.

"काल सकाळी तो मना म्हनला, आये, आज चहा मी करतो तुज्या माणसांना," सोनूबाई सांगू लागली. ती कुणाकडेच बघत नव्हती. "मना किती बरं वाटलं. वर्षभर तो तेंच्यावर चिडत व्हता. मी कट्ट्यावर समद्यांना सांगितलं, आज माज्या निकेशनं केलाय. बुधाजी म्हनला, म्हणूनच कडू लागतोय. तरी तेनं पेला भरून घेतला. मी पाजला. माज्या हातानं पाजला."

किशोरीने तोंडावर हात धरला.

"मग सांच्याला तो घरी आला आनि तेनं विचारलं, थर्मास कुठं हाय? जन्मात कधी भांडं धुतलं न्हाय तेनं. मी म्हनलं, धुतला. पन मी तो तांदळाच्या पिंपात लपवला व्हता. का लपवला, मना ठावं न्हाय. तवापासून मी तेच्याकडं बघते आनि मना भीती वाटते. माज्या पोटच्या पोराची."

आतल्या दारात निकेश आला. त्याने खोलीभर नजर फिरवली. माणसं दिसली, थर्मास दिसला आणि मग आईच्या हातातला कप दिसला.

"आये, ते काय हाय?"

"तू केलेला चहा," ती म्हणाली. "हे लोक म्हनतान यात विख हाय. मी म्हनते, न्हाय. माजा पोरगा असं करनार न्हाय. मी पिते. म्हंजे समद्यांची तोंडं बंद होतील."

"ठेव तो."

"का ठेवू? तुज्या हातचा हाय ना?"

"आये, शिळा हाय तो."

"शिळ्यानं मी मरत न्हाय." तिने कप ओठाला लावला.

निकेश धावला. टेबल उलटलं, थर्मास घरंगळत गेला आणि त्याने कपावर असा हात मारला, की तो भिंतीवर जाऊन फुटला. चहा त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाला. त्याने आईची हनुवटी धरली, तिचं तोंड उघडलं, बोटाने आत पुसलं. "थुंक. थुंक ते. गिळलंस का? गिळलंस का, सांग."

तिने नाही म्हणून मान हलवली. ती त्याच्याकडे बघत होती.

निकेश हळूहळू खाली बसला. "मारायचं नव्हतं," तो म्हणाला. "गुंगी येईल, उलट्या होतील, चार दिवसांनी बरे होतील, असं वाटलेलं. लोक घाबरून यायचे बंद होतील. तू घरी राहशील. प्राप्तीच्या माहेरी जेवायला बसलो व्हतो, तिथं एक जन मना म्हनला, तुमच्या मातोश्री पंगतीला असतात ना? समदे हसले. मी कुठं तोंड लपवू?"

"तू एवढं मोठं घर बांधलंस," सोनूबाई म्हणाली, "आनि दिवसभर यात मी कुनाशी बोलू?"

परेशने बाहेर जाऊन पोलिसांना फोन लावला. ते येईपर्यंत निकेश तसाच बसून राहिला. सुचिताने रुमालाने धरून थर्मासचं झाकण लावलं. तळाशी थोडा चहा अजून शिल्लक होता.

७

सोनूबाईचा जबाब पुढच्या आठवड्यात अलिबागला झाला. जाण्याआधी तिने सुचिताला विचारलं होतं, "मी म्हनले, चहा मी केला व्हता, तर तो सुटंल का?"

"कदाचित सुटेल," सुचिता म्हणाली. "पण मी तुम्हाला काय बोलायचं ते शिकवणार नाही."

सोबत मृणाली गेली. सोनूबाई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा तिने काय सांगितलं, हे मृणालीने विचारलं नाही. परेशच्या रिक्षातून येताना पाऊस उघडला होता. सोनूबाई वाटभर मृणालीचा हात धरून होती.

बंगला दिसू लागला, तशी तिची पकड घट्ट झाली. "प्राप्ती आजच आलीय माहेरून," ती म्हणाली. "तिच्या नवऱ्याला मी आत पाठवलंय. ती मना घरात घेनार न्हाय."

"मग माझ्याकडे चला."

"तसं न्हाय पोरी. तिला तोंड दाखवलं पायजे ना आधी." पण ती रिक्षातून उतरेना. शेवटी मृणाली आधी उतरली आणि तिला हात दिला.

फाटकापाशी प्राप्ती उभी होती. दोन्ही हातांनी फाटकाच्या सळया धरून, आतल्या बाजूने. तिचे डोळे सुजलेले होते. रिक्षा कधी येते याची ती वाट बघत असावी. सासू-सून एकमेकींसमोर उभ्या राहिल्या आणि मधे ते फाटक. मृणालीला वाटलं, आता ही ओरडेल, आता काहीतरी फेकून मारेल. ती अर्धं पाऊल पुढे सरकली.

"आई," प्राप्ती म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलंत?"

सोनूबाईने होकारार्थी मान हलवली. मग कशीबशी म्हणाली, "व्हय."

प्राप्तीने डोळे मिटले. तिच्या हातांची बोटं सळयांवर पांढरी पडली. मग तिने कडी काढली आणि फाटक आत ओढलं.

"मग चला आत," ती म्हणाली. "मला एकटीला या घरात भीती वाटते."